अस्तराची बाजू

१

दुपारची भांडी झाली की मी जेवणाचं टेबल पुसून कोरडं करायची आणि त्यावर कापडं पसरायची. भोपाळच्या इंद्रपुरीतलं आमचं घर दोघांच्या मानाने बांधलेलं होतं, पण माझे यजमान गोपीनाथ गेले आणि ते एकदम मोठं झालं. आधी पिपलानीला, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, आम्हाला जागा पुरायची नाही. इथे खोल्या उरायला लागल्या. मुलगी अपर्णा इंदूरला कॉलेजात शिकवते. नवऱ्यापासून, अभिजीतपासून, वेगळी झाल्यापासून तीही एकटीच. रोज संध्याकाळी आम्ही फोनवर बोलायचो, म्हणजे ती काय जेवली आणि मी काय जेवले ते एकमेकींना सांगायचो.

मी टाउनशिपच्या शाळेत फिजिक्स शिकवत असे. हे एवढ्यासाठीच सांगते की, ऐकलं आणि मानलं अशातली मी नाही.

शिवणाला सुरुवात झाली कपाट आवरताना. गोपीनाथांचे सुती शर्ट कोणाला द्यायला हात होईना. माझी एक माहेश्वरी साडी मध्ये विरली होती, पण काठ शाबूत होते. अपर्णाने टाकून दिलेला बाग गावच्या ठशांच्या छपाईचा कुर्ता होता. आईचं एक इरकली लुगडं होतं. आवडतं कापड जुनं झालं की घालवत नाही आणि टाकवतही नाही. मी त्यांचे चौकोन कापले, मशीनवर जोडले, खाली कापसाचा पातळ थर घातला, त्याखाली अस्तर, आणि तिन्ही थरांतून हाताने टाके घालायला घेतले. साधा धावदोरा. सुई वरून खाली, खालून वर. अशा कुशनच्या खोळी झाल्या, मग उशांचे अभ्रे झाले.

उन्हाळा चढत होता. दुपारी गल्लीत कोणी नसायचं. कूलरचा आवाज, शेजारी कुकरची शिट्टी, लांबून कारखान्याचा भोंगा. बाकी माझी सुई कापडातून जायची तेवढाच काय तो आवाज.

२

समोरच्या घरातली सिंधू मूळची नागपूरची. नवरा मंत्रालयात, म्हणजे इथल्या वल्लभ भवनात. तिला दुपारी झोप येत नाही, म्हणून अधूनमधून माझ्याकडे येऊन बसायची.

"काय करून राहिल्या, कमलिनीताई? एवढ्या गर्मीत?"

"बघ ना. दिवाणावरच्या उशीला केलाय."

तिने तयार अभ्रा हातात घेतला, चौकोनांवरून हात फिरवला आणि कापडाचं बघतात तसा तो उलटा केला. तिच्या भुवया वर गेल्या.

"बापा! मागून तर समोरच्याहून भारी आहे. हे कसं केलं वो?"

"कसं म्हणजे?"

"इकडे कुठं गॅपच नाही. एकदम मशीनसारखं."

मी चष्मा लावून पाहिलं. धावदोऱ्यात वर जेवढा दोरा दिसतो, तेवढीच खाली मोकळी जागा राहते. ती राहायलाच हवी. अभ्र्याच्या समोरच्या बाजूला माझे टाके होते, थोडे वाकडे, ओळखीचे. आणि अस्तराच्या बाजूला सलग रेघ होती. माझ्या प्रत्येक दोन टाक्यांमधली रिकामी जागा कोणीतरी भरून काढली होती, तांदळाच्या दाण्याहून बारीक टाक्यांनी.

"अच्छा, तो डबल टाका आहे," मी म्हटलं, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

सिंधू गेल्यावर मी एक ओळ उसवायला घेतली. समोरून माझा दोरा कापला, ओढला, तो निघून आला. मागची रेघ निम्मी राहिली. मधले टाके जागच्या जागी. ते कापसात शिरत होते आणि परत अस्तरावर येत होते, पुढच्या कापडाला न टोचता. असं शिवायचं तर शिवणाऱ्याने आतून शिवायला हवं.

मला वाटलं, मी कधीतरी अस्तर वेगळं धरून टाके घातले असतील आणि विसरले असेन. या वयात विसरायला होतं. गॅस बंद केला का, हे बघायला मी दोनदा उठते. मग तेही होत असेल.

३

पुढच्या अभ्र्याला मी मुद्दाम लक्ष देऊन बसले. कापड मांडीवर घेतलं. वर गोपीनाथांचा करड्या चौकडीचा बुशशर्ट, त्यांना आवडायचा म्हणून कॉलर फाटेपर्यंत वापरलेला. सुई खाली घातली आणि तेवढ्यात दुधाचा वास आला. पातेलं उतू जात होतं. मी कापड तसंच खुर्चीत ठेवून धावले, गॅस पुसला, हात धुतले, परत आले.

सुई वर होती. चौकडीच्या रेघेवर, मी जिथे काढली असती नेमकी तिथे, अर्धी बाहेर आलेली.

मी उभीच राहिले. मग स्वतःला समजावलं की सुई वर काढूनच उठले असेन. हाताला सवय असते, डोक्याला कळतही नाही. विद्यार्थ्यांना मी सांगायची, एकदा दिसलं म्हणजे ती गंमत. पुन्हा करून बघा, तोच निकाल आला तर बोलू.

म्हणून मी पुन्हा केलं. खुर्चीत बसले, कापड मांडीवर घेतलं, सुई खाली घातली, पूर्ण, दोरा ताणला जाईपर्यंत. आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

कूलर चालू होता. त्याचं पाणी संपत आलं होतं, त्यामुळे आवाज बदलला होता. बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. मी कापडाकडे पाहत राहिले. दोरा आधी सैल पडला. मग कापडाला खालून एक बारीक उंचवटा आला, तो किंचित इकडे सरकला, किंचित तिकडे, जागा शोधल्यासारखा. आणि सुईचं टोक वर आलं.

मी कापड उचललं. खाली माझी साडी, माझे गुडघे, जमिनीवर चपला.

मी उठून मागचं दार उघडलं, अंगणात जाऊन तुळशीला पाणी घातलं. तुळस वाळली नव्हती, तरी घातलं. मग घरात आले. घरात नेहमीसारखंच होतं. सगळ्या खोल्या आपापल्या जागी, कोणी नाही. कापड खुर्चीत पडलेलं आणि सुई वर येऊन थांबलेली.

मी बसले, सुई ओढून घेतली आणि पुढचा टाका घातला.

४

त्यानंतर काम भराभर व्हायला लागलं. मी सुई खाली द्यायची, ती वर यायची. मला डावा हात लागेनासा झाला. कधी माझा टाका तिरका पडला तर सुई यायला वेळ लागायचा. मग मी तो काढून सरळ घालायची.

मी बोलायलाही लागले. "हा तुकडा आईच्या लुगड्याचा," असं काहीतरी. उत्तर कधी आलं नाही, आणि आलं असतं तर मी उठून पळाले असते. पण सुई येत होती. सकाळी दूधवाल्याशी एक वाक्य आणि संध्याकाळी अपर्णाशी चार, यांच्यामध्ये जो एवढा लांब दिवस पडलेला असायचा, त्यात आता कोणीतरी माझ्या हातून वस्तू घेत होतं आणि परत देत होतं.

गोपीनाथ असतील का, हा विचार आला नाही असं नाही. पण त्यांना कधी सुईत दोरा ओवता आला नाही. शर्टाचं बटण तुटलं तर ते स्टेपलर शोधायचे. आई शिवायची, पण तिचे टाके मोठे, घाईचे. इतका बारीक हात माझ्या ओळखीत कोणाचाच नव्हता. ते मला माहीत होतं आणि मी त्यावर विचार करत नव्हते.

करड्या चौकडीचा अभ्रा मी माझ्याच उशीला घातला. दुपारी शिवून मान अवघडली की तासभर पडायची. किती वर्षांत अशी झोप लागली नव्हती. उठले की अंग हलकं असायचं.

माहेश्वरीचा अभ्रा सर्वांत देखणा झाला. जांभळा, वर काठाची पट्टी. तो मी अपर्णाला पाठवला. सिंधूचा दीर मोहन इंदूरला जात होता, त्याच्याकडे दिला.

"आई, किती सुरेख!" अपर्णा फोनवर म्हणाली. "मागची बाजू तर बघतच राहावी. आजकाल कोण एवढं करतं?"

"वेळ असतो ना," मी म्हटलं.

५

इरकलीचा अभ्रा शेवटचा होता. त्याच्या कडा मी मशीनवर शिवल्या. शिवून झाला की अभ्रा उलटा असतो. तो सुलटा करायचा, मग आत हात घालून बोटाने चारही कोपरे टोकदार काढायचे. मी ते टेबलाशी उभी राहून करत होते. ऊन खिडकीतून थेट टेबलावर पडलं होतं, इतकं की लाल रंग डोळ्यांना खुपत होता.

एक कोपरा काढला. दुसऱ्यासाठी हात आत सरकवला आणि कोणीतरी माझ्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरली.

दुखेल असं नाही. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये घेऊन हळूच चोळून पाहिली आणि सोडली. मग थोडं वर, मनगटाशी, पुन्हा धरली. किंचित ताणली. सोडली. ती कशी परत बसते ते बघायला थांबल्यासारखा एक क्षण गेला. मग आणखी वर.

मला कळायला वेळ लागला, कारण ते फार ओळखीचं होतं. दुकानात कापड मी असंच बघते. पोत कसा आहे, धुतल्यावर आटेल का, सुई सोसेल का.

मी हात बाहेर खेचला. अभ्रा टेबलावर पडला. तो मी पुन्हा उलटा केला, झटकला. आत अस्तर होतं आणि त्यावर ती सुंदर, सलग, बारीक शिवण.

सगळे अभ्रे, सगळ्या खोळी, माझ्या उशीवरचासुद्धा, मी पत्र्याच्या ट्रंकेत घातले, कुलूप लावलं आणि ट्रंक मागच्या पडवीत ओढत नेली. हाताला साबण लावून लावून तो पांढरा पडला. आणि नळाखाली उभी असतानाच माहेश्वरीचा अभ्रा आठवला.

अपर्णाने फोन उशिरा उचलला. आवाज झोपेतला.

"अपू, ती उशी कुठे आहे? मी पाठवली त्या अभ्र्याची?"

"इथेच आहे. माझ्या डोक्याखाली. का गं?"

"काढून ठेव. कापसात कीड निघाली आहे."

"कसली कीड? मला तर फार छान झोप लागते त्यावर." ती हसली. "फक्त एक गंमत होते. उठते तेव्हा माझा हात आत असतो. अभ्र्यात."

"काढून ठेव, अपर्णा."

"हो, काढते," ती म्हणाली. पण ती काढणार नाही, हे मला फोन ठेवतानाच कळलं.

६

दुसऱ्या दिवशी मी इंदूरची बस धरली. देवासपर्यंत माझ्या शेजारी एक बाई होती. तिने तिच्या नातवंडांचे फोटो दाखवले आणि मी ते बघितले. एकही आठवत नाही.

अपर्णाच्या फ्लॅटची बेल वाजवली. पुन्हा वाजवली. माझ्याकडे तिची एक किल्ली असते, ती लावून आत गेले. भर दुपार होती, पण पडदे ओढलेले. ती बेडवर कुशीवर झोपली होती. चेहरा शांत, तोंड थोडं उघडं, लहानपणी ताप उतरल्यावर झोपायची तशी.

तिचा उजवा हात कोपरापर्यंत अभ्र्यात होता.

मी दारातच थांबले, कारण काहीतरी चुकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग कळलं. उशी सपाट होती. आख्खा हात आत असेल तर कापड ताणलं जायला हवं, उशीला फुगवटा यायला हवा. जांभळं कापड सरळ पसरलेलं होतं, एक सुरकुतीसुद्धा नाही. तिचा हात कोपराशी अभ्र्याच्या तोंडात जात होता आणि पुढे तो उशीत नव्हता.

मी तिचा दंड दोन्ही हातांनी धरला आणि मागे ओढला. हात अडकला नव्हता. पण तो लगेच आलाही नाही. बघून झालेली वस्तू कोणी परत द्यावी, तसा तो सावकाश माझ्याकडे आला.

"आई?" तिने डोळे उघडले. "तू कधी आलीस?"

मी खिडकीचा पडदा सारला आणि तिचा हात उजेडात धरला. आतल्या बाजूने, मनगटापासून कोपरापर्यंत, पांढऱ्या खडूची एक रेघ होती. सरळ, बारीक. तिच्यावर ठरावीक अंतरावर छोट्या आडव्या खुणा. कापड कापण्याआधी शिंपी करतो तशा.

"कॉलेजातला खडू लागला असेल," अपर्णा म्हणाली.

"कॉलेजला सुट्टी आहे ना तुझ्या?"

ती उठली. बाथरूममध्ये जाऊन तिने हात धुतला. रेघ निघून गेली. मी प्रत्येक बोट उलटसुलट करून पाहिलं. हात स्वच्छ होता.

तो अभ्रा आम्ही कात्रीने कापला. मी धरला आणि तिने कापला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून पिशवी बाल्कनीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी आली, तेव्हा अपर्णाने स्वतः खाली जाऊन ती गाडीत टाकली.

७

मी पोचले त्याच संध्याकाळी, चहा घेताना, मी तिला सगळं सांगितलं होतं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. मला वाटलं होतं, ती म्हणेल, आई, तू एकटी राहतेस म्हणून तुला असं होतं, आपण डॉक्टरांना दाखवू. मी त्याची तयारीही केली होती.

"सुई पहिल्यांदा वर आली, तेव्हाच तू का नाही थांबलीस?" तिने विचारलं.

"कोणीतरी होतं ना," मी म्हटलं.

तिने कपातली साय बोटाने बाजूला केली.

"मला झोपेत हात धरल्यासारखं वाटायचं," ती म्हणाली. "मला माहीत होतं की तिथे कोणी नाहीये. पण सोडवून घ्यावंसं वाटत नव्हतं."

तिने दोन्ही कप उचलून ट्रेमध्ये ठेवले. मग ती म्हणाली, "तू आता इथेच राहा. ते घर राहू दे बंद."

"बघू," मी म्हटलं, पण माझं ठरलं होतं.

बसमध्ये घामाने पाठ चिकचिकली होती. मी अंघोळ केली, पण पाठीला हात पोचत नाही, ती तशीच राहिली. बाहेर येऊन पंख्याखाली बसले आणि पाठ तिच्याकडे केली. "घामोळं झालंय वाटतं. जरा पावडर लाव गं."

तिने पावडरचा डबा उघडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. पंखा फिरत होता.

"काय झालं?"

"आई, तू पाठ शेवटची कधी बघितलीस?"

स्वतःची पाठ कोण बघतं? गोपीनाथ होते तोवर ते तेल लावून द्यायचे. त्यानंतर माझी पाठ बघायला घरात कोणीही नव्हतं.

"खडू आहे का?" मी विचारलं.

"आहे."

"किती?"

ती उठली. नळ सोडल्याचा आवाज आला. ओला टॉवेल घेऊन ती परत आली आणि पुसायला लागली. खांद्यापासून खांद्यापर्यंत, मग खाली, कमरेपर्यंत. मध्येच उठून टॉवेल पिळून आणायची आणि पुन्हा पुसायची. मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"निघतंय का?"

"निघतंय." तिचा हात माझ्या मानेखाली येऊन थांबला. टॉवेल तिने बाजूला ठेवला आणि नुसत्या बोटाने तिथे चाचपलं. "इथलं नाही निघत."

"घास जरा."

"आई, हा खडू नाहीये," ती म्हणाली. "दोरा आहे."

मला काही टोचत नव्हतं. काही दुखत नव्हतं. तिचं बोट फिरत होतं तेवढंच कळत होतं. बोटाच्या पेराएवढी ओळ आहे, असं तिने सांगितलं. बारीक, सलग. आम्ही ती ओळ उसवली नाही. कापायचं कुठे आणि दोऱ्याचं दुसरं टोक कुठे जातं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नाही. डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि जुना व्रण आहे म्हणाले. त्यांना तो व्रणच दिसत होता. मी फी दिली आणि आम्ही घरी आलो.

८

आता मी इंदूरलाच असते. भोपाळच्या घराला कुलूप आहे. सिंधू कधीतरी फोन करते. पडवीतली ट्रंक कोणाला देऊन टाकू का, असं तिने एकदा विचारलं. मी इतक्या जोरात नाही म्हटलं की ती घाबरली.

घरात सुई-दोरा नाही. उशांना बाजारचे पांढरे अभ्रे आहेत. आम्ही एका खोलीत झोपतो, आणि झोपताना एकमेकींचा हात धरतो. कोणी पाहिलं तर हसेल, पण पाहायला कोणी नाही.

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी, उजेड असतो तोवर, आम्ही खिडकीशी बसतो. आधी मी तिचे हात बघते, पाठ बघते. ती स्वच्छ असते. मग मी पाठ फिरवून बसते आणि ती बघते.

"तेवढाच आहे," ती रोज सांगते.

काल तिने पाहायला वेळ लावला. तिचं बोट मानेखालून सुरू झालं आणि खाली आलं, आणि मी वाट पाहत होते तरी उचललं गेलं नाही. खालच्या रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. त्याचा आवाज वळणापलीकडे विरला, तेव्हा कुठे तिने हात काढला.

"तेवढाच आहे, आई," ती म्हणाली.

शाळेत असताना मार्क कमी पडले की ती पेपर पाठीमागे धरून याच आवाजात म्हणायची, चांगले पडले. मी तेव्हाही कधी पेपर मागितला नाही.

"बरं," मी म्हटलं आणि ब्लाउजची हुकं लावली.